थायरॉईडवाल्यांचा चहा तोडणाऱ्यांना

रिपोर्टात टीएसएच वाढलेला दिसला, म्हणजे थायरॉईड ग्रंथी मंदावलेली निघाली, की घरात पहिली गदा चहावर येते. ‘थायरॉईड निघालाय ना, मग चहा-कॉफी बंद!’ हा हुकूम शेजारच्या काकूंपासून वजन उतरवून देणाऱ्या ताईंपर्यंत कुणीही सोडतं. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: कॅफिनने ग्रंथी आणखी मंदावते.

याला आधार काय? आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या समाजात ग्रंथी मंदावण्याचं मुख्य कारण म्हणजे हाशिमोटोचा आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली तो नोंदवला. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. तिला चिथावायला कपभर चहा लागत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुंबई-गोव्यासह देशातल्या आठ शहरांत सुमारे ११ टक्के प्रौढांची ग्रंथी मंद आढळली. एवढ्या घरांतला चहा बंद करायचा, तर पुरावाही तेवढा भक्कम नको?

पण म्हणून ‘काही होत नाही हो, मी तर गोळी चहाबरोबरच घेते’ म्हणणाऱ्यांचीही बाजू घेता येत नाही. या गोळीतलं औषध, लेव्होथायरॉक्सिन, उपाशीपोटीसुद्धा साधारण ७० ते ८० टक्केच शोषलं जातं. २००८ साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की कॉफीबरोबर गोळी घेतल्यास हे शोषण घटतं. त्यांचे रुग्ण मोजकेच होते, पण मुद्दा डॉक्टरांनी मान्य केला. आपल्या चहात तर दूधही असतं आणि दुधातलं कॅल्शियम आणखी आडवं येतं. गोळी असते ५० किंवा १०० मायक्रोग्रॅमची. त्यातलं थोडं वाया गेलं तरी रिपोर्ट हलतो. मग डोस वाढतो. गोळी कशाबरोबर घेता, हे विचारायचं राहून जातं.

म्हणजे भांडण कॅफिनशी नाही, घड्याळाशी आहे. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा शक्यतो तासाभराने. सांगायला सोपं! हा आजार बायकांत कितीतरी जास्त, आणि सगळ्यांआधी उठून आधण ठेवणारीही बहुधा घरातली बाईच. घरादाराला कप भरून द्यायचे आणि आपला झाकून ठेवायचा? तिला संयमाचे धडे देण्यापेक्षा गोळीची वेळ हलवावी. नेदरलँड्समधल्या २०१० सालच्या चाचणीत झोपताना घेतलेल्या गोळीने टीएसएच अधिक सुधारला. अट एकच: जेवणाला तीन तास तरी झालेले हवेत. साडेनऊला जेवून साडेदहाला आडव्या होणाऱ्या घरात हे जमायचं नाही. तिथे पहाटे जाग येते तेव्हा उशाशी ठेवलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी. वेळ बदलताना डॉक्टरांना सांगावं आणि सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावं. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चार तास लांबच ठेवाव्यात. त्यांच्याबद्दल या काकू कधी अवाक्षर काढत नाहीत.

कॅफिनवर आरोप करायचाच, तर तो थकवा झाकण्याचा करावा. औषध अपुरं पडत असताना दुपारी चारला तिसरा कप घेऊन तरतरी आणली की डोस तपासायचा राहतो, रात्रीची झोपही बिघडते. प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत हरकत नाही असं मानतात, गरोदरपणी २००. आपल्या चार छोट्या कपांनी ती पहिली मर्यादा सहसा ओलांडली जात नाही.