सशाच्या अंगाखाली काय पसरता? खामगावकरांना जाहीर आवाहन



मुलाचा वाढदिवस, परीक्षेतले चांगले मार्क किंवा नुसता हट्ट, कशाच्या तरी निमित्ताने पांढऱ्या सशांची जोडी घरात येते. पिंजरा येतो, पाण्याची वाटी येते, कोथिंबिरीची जुडी येते. त्याच्या लघवी-लेंड्यांसाठी खाली काय पसरायचं हा प्रश्न मात्र तिसऱ्या दिवशी वास सुटल्यावर पडतो, आणि मग हाताशी येईल ते पसरलं जातं. फर्निचरच्या दुकानातला भुसा, जिनिंगमधला टाकाऊ कापूस, कुलरची जुनी ताटी, चुलीतली राख, नाहीतर ऑनलाइन मागवलेली मांजराची वाळू. यातलं काहीही सशासाठी वापरू नका, असं कळकळीचं सांगणं आहे. आणि जे वापरायला हवं ते आपल्या तालुक्यात इतकं स्वस्त आहे की त्यासाठी बाहेरून पिशव्या मागवण्याची गरजच नाही.

सशाबद्दल तीन गोष्टी लक्षात घेतल्या तर बाकीचं आपोआप समजतं. ससा नाकानेच श्वास घेतो, तोंडाने घेणं त्याला जवळपास जमत नाही. त्यामुळे धुळीने नाक चोंदलं की जीव कासावीस होतो. दुसरं म्हणजे त्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेली वस्तू पुढे सरकली नाही तर तिथेच अडकते. आणि तिसरं, दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे तो सारखं काहीतरी कुरतडत असतो. म्हणजे आपण खाली जे पसरतो त्यातलं थोडं त्याच्या नाकात आणि थोडं पोटात जाणारच. म्हणून त्याच्या पोटात गेलं तरी चालेल असंच काहीतरी त्याच्या अंगाखाली घाला.

आता भुशाचं घ्या, कारण सर्वात जास्त वापर त्याचाच होतो. आजच्या फर्निचरच्या कामात अखंड लाकूड कमी आणि प्लायवूड, एमडीएफ, सनमायका जास्त. हे कापताना उडणारा भुसा म्हणजे लाकूड आणि डिंकाची पावडर. त्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं. सागाची बारीक धूळ तर सुतारांच्याही कातडीला आणि नाकाला त्रास देते, मग दीड-दोन किलोच्या जिवाचं काय? यंत्रांच्या पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड बहुधा चीड किंवा पाइनचं असतं. त्याचा तो छान वाटणारा वास म्हणजेच फिनॉलसारखी द्रव्यं. ती रोज श्वासातून गेली की यकृतावर ताण येतो, तिथली विकरं वाढतात, आणि पुढे कधी शस्त्रक्रिया करावी लागली तर भुलीच्या औषधाचा परिणामही बदलतो. देवदाराचंही तेच. भुसा कशाचा आहे हे शंभर टक्के माहीत नसेल तर तो घरात आणूच नका.

कापसाबद्दल खामगावात वेगळं सांगायलाच हवं. 1870 साली जलंबहून आपल्या गावापर्यंत रेल्वेचा फाटा आला तोच मुळी कापसासाठी. इथे कापूस कोणाच्याही ओळखीतून मिळतो. मऊ असतो, उबदार असतो, म्हणून पिलांखाली घालावासा वाटतो. पण त्याचे धागे पिलांच्या पायाला वेटोळे घालून बसतात आणि पोटात गेले तर गोळा होतो. जिनिंगच्या कचऱ्यात धूळ आणि फवारणीचे अंश असतात. त्यात राहिलेली सरकी तर सरळ विष आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. गाय-म्हैस रवंथ करणारी असल्यामुळे तिच्या पोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होतं, म्हणून तिला सरकीची ढेप चालते. ससा रवंथ करत नाही. ढेपही त्याला देऊ नका. बारदान्याचंही तसंच: तागाचे धागे तो चावून गिळतो, आणि त्या पोत्यात आधी बीजप्रक्रिया केलेलं बियाणं होतं की खत होतं हे आपल्याला माहीत नसतं.

मांजराची वाळू ही चिकणमातीची असते आणि ओली झाली की तिचा गोळा होतो. मांजर ती खात नाही, ससा चाखून पाहतो, आणि पोटातल्या ओलाव्यानेही ती तशीच फुगते. दर उन्हाळ्यात बदलल्या जाणाऱ्या कुलरच्या ताट्या वरून कोरड्या दिसल्या तरी आत बुरशी धरून असतात. राख आणि रांगोळीची भुकटी म्हणजे निव्वळ धूळ. काही जण खाली काहीच न घालता उघड्या जाळीवर ससा ठेवतात, म्हणजे लेंड्या आपोआप खाली पडतात. पण सशाच्या पंज्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. जाळीवर राहून टाचा सोलवटतात आणि तिथे जखमा होतात.

मग काय वापरायचं? रद्दीचा कागद, गव्हाचं कुटार आणि वाळलेलं गवत.

कडा थोड्या उंच असलेलं प्लास्टिकचं मोठं घमेलं घ्या. ससा त्यात पूर्ण बसून वळू शकला पाहिजे. तळाला वर्तमानपत्राचे हाताने फाडलेले तुकडे चांगले दोन-तीन बोटं जाडीचे पसरा. गुळगुळीत, रंगीत पुरवण्या, मासिकांची पानं आणि लग्नपत्रिका बाजूला काढा. त्या पाणी शोषत नाहीत. त्यावर गव्हाच्या कुटाराचा थर. हे कुटार मळणीयंत्रातून आलेलं असल्यामुळे त्यात बारीक धूळ असतेच, म्हणून ते घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून सुपात पाखडून घ्या. हे काम टाळू नका. सोयाबीनचं कुटार टोचतं आणि लवकर बुरशी धरतं, ते नको. शेतकरी ओळखीचा असेल तर शेवटची फवारणी कधी झाली तेही विचारा. सर्वात वर, घमेल्याच्या एका टोकाला, मारवेल किंवा पवन्याचं वाळलेलं गवत मूठभर ठेवा. सशाला खाता खाता लेंड्या टाकायची सवय असते; गवत तिथे असलं की तो स्वतःहून घमेल्यात जाऊन बसतो. सशाचं मुख्य अन्न गाजर नसून हे गवतच आहे. पक्क्या ज्वारीच्या कडब्याची कुट्टीही चालेल. कोवळी हिरवी ज्वारी मात्र नको. तिची किराळ गुरांना लागते तशी सशालाही बाधते.

घमेलं ठेवायचं कुठे हे ससाच सांगतो. तो लघवीसाठी बहुतेक वेळा एकच कोपरा धरतो, तिथेच ठेवा आणि पहिल्या दिवशी त्यात लघवीने भिजलेला एक कागद व चार लेंड्या टाका. ससा ही सवय लावून घेतो, हे जगभरच्या ससापाळ्यांनी पाहिलं आहे; कॅलिफोर्नियात 1988 साली स्थापन झालेली हाउस रॅबिट सोसायटी तर घरात मोकळा ससा पाळण्याचाच प्रसार करते. आपल्या मुलांना हे सहज शिकवता येईल. एक ससा दिवसाला दोन-तीनशे लेंड्या टाकतो, म्हणून ओला भाग रोज काढायचा आणि एक-दोन दिवसांनी सगळं बदलायचं. लघवीचा पांढरा थर घमेल्याला चिकटतो, तो कॅल्शियमचा असतो. त्यावर व्हिनेगर टाकून थोडा वेळ ठेवा, घासा, पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. फिनेल आणि डांबराच्या गोळ्या सशाच्या जवळपासही नकोत.

दोन ऋतूंत विशेष काळजी घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो; 30 अंशांपुढेच सशाला त्रास सुरू होतो. अशा वेळी घमेलं उन्हाच्या खोलीत असेल तर लघवीतला अमोनिया डोळ्यांत आणि नाकात झोंबतो. पावसाळ्यात कुटार ओलं होऊ देऊ नका, आणि माश्या आल्या की शेपटीखालचे केस रोज पाहा. तिथे घाण चिकटली असेल तर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. रोज त्याचे पुढचे दोन्ही पायही उलटे करून बघत जा. आतल्या बाजूचे केस ओले, चिकटलेले दिसले तर तो नाक पुसतोय असं समजा. शिंका, घटलेल्या किंवा बारीक झालेल्या लेंड्या, अर्धा दिवस काही न खाणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. गावातल्या पशुवैद्यकांना दाखवा. गरज पडली तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था साधारण 50 किलोमीटरवर आहे. लघवी लालसर दिसली म्हणून मात्र लगेच घाबरू नका, पाल्यातल्या रंगद्रव्यामुळेही तसं होतं.

शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू यात मोडत नाही. रानससा वेगळा प्राणी आहे, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. पिल्लाची आई दिवसातून थोडाच वेळ येते, म्हणून ते एकटं दिसतं. ते तिथेच राहू द्या.

आता काही थेट विनंत्या. ससे विकणाऱ्या दुकानदारांनी पिंजऱ्याबरोबर भुशाची पिशवी देणं थांबवावं आणि गिऱ्हाइकाला कुटार-कागदाचं सांगावं. बँका आणि कार्यालयांत कागद कातरण्याच्या मशिनमधून निघणाऱ्या साध्या कागदाच्या पट्ट्या जाळण्याऐवजी, त्यातल्या पिना काढून, मागणाऱ्याला द्याव्यात. ज्या शेतकऱ्यांकडे गहू निघाल्यावर कुटार उरतं त्यांनी एखादं पोतं कोरड्या जागी ठेवून ससापाळ्यांना वाजवी दरात विकावं. वापरलेलं कुटार, कागद आणि लेंड्या नालीत टाकू नका. फुलझाडांच्या मुळाशी किंवा खताच्या खड्ड्यात टाका, लेंड्या कुजवायचीही गरज नसते. आणि सुतार बंधूंनो, एखादं मूल पिशवी घेऊन भुसा मागायला आलं, तर तो कशाला हवा आहे एवढं विचारा. सशासाठी हवा असेल तर नाही म्हणा आणि कुटार आणायला सांगा.