बंदीच्या जिल्ह्यातील व्यसनशिक्षण

किशोरवयीनांना, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार 10 ते 19 वर्षे वयाच्या मुलामुलींना, दारू व अमली पदार्थांच्या धोक्यांविषयी शाळेत शिकवावे काय, या प्रश्नावर वर्धा जिल्ह्यापुरता एक पूर्वपक्ष सहज उभा राहतो. गांधी-विनोबांच्या वास्तव्यामुळे हा जिल्हा गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून दारूबंदीखाली आहे. जेथे दारूचे दुकानच नाही तेथे दारूचा धडा कशाला, उलट त्यामुळे नसलेली उत्सुकता मात्र जागी होईल, असा तो पक्ष आहे.

हा पक्ष ऐकायला सात्त्विक असला तरी भूगोलापुढे टिकत नाही. याच जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा हे गाव घ्या; या तालुक्याच्या पश्चिमेला वर्धा नदी वाहते आणि नदीपलीकडे अमरावती जिल्हा लागतो, जेथे दारूबंदी नाही. जिल्ह्याची सीमा महसुली नकाशावर असते, पिशवीतून येणाऱ्या बाटलीला ती दिसत नाही. मोहाची हातभट्टी तर नदी ओलांडण्याचेही कष्ट घेत नाही. म्हणजे उत्सुकता धड्याची वाट पाहत थांबलेली नसते; ज्याची वाट पाहिली जाते ते उत्तर तेवढे शाळेतून येत नाही.

बंदीच्या जिल्ह्यात शिक्षणाची गरज कमी नव्हे, अधिक असते. परवान्याच्या बाटलीवर निदान मद्यार्काचे, म्हणजे नशा आणणाऱ्या एथिल अल्कोहोलचे, प्रमाण छापलेले असते. चोरट्या दारूच्या पन्नीवर काहीच नसते. तिच्यात मिथेनॉल मिसळले असेल तर यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते, ते दृष्टीच्या मज्जातंतूवर आघात करते आणि डोळ्यांपुढची अंधारी हे विषबाधेचे लक्षण असताना ती नशाच समजली जाते. मुंबईच्या मालवणीत जून 2015 मध्ये अशा दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. हे रसायन दहावीच्या विज्ञानाला झेपणारे आहे. मात्र यावरून बंदीच उठवावी, असे म्हणणाऱ्यांच्या हाती हा युक्तिवाद देता येत नाही, कारण दारू जितकी सहज व स्वस्त मिळते तितकी ती अधिक प्यायली जाते, हे जगभर दिसून आलेले आहे. बंदी पुरवठा आवळते, शिक्षण मागणी आवळते. एकाने दुसऱ्याचे काम करावे ही अपेक्षाच चूक आहे.

दुसरा पक्ष शिक्षण मान्य करतो, पण ते भीतीचे असावे म्हणतो: सडलेल्या फुप्फुसाचे चित्र, पोलिसांचे भाषण, शेवटी सामूहिक शपथ. या पद्धतीची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. लॉस एंजेलिसमध्ये 1983 साली सुरू झालेल्या ‘डेअर’ या कार्यक्रमात गणवेशातील पोलीस वर्गात येऊन शिकवत. तो देशभर पसरला, पण त्यात शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या व्यसनात लक्षणीय फरक नाही, असेच अभ्यासकांना वारंवार आढळले. कारण उघड आहे. चौदा वर्षांच्या मुलाला चाळिशीतला कर्करोग दूरचा वाटतो, आणि भाषणात वर्णिलेला सर्वनाश गल्लीतल्या पिणाऱ्या काकांवर लगेच कोसळत नाही, हे तो रोज पाहतो. मग भाषणातले खरेही खोटे ठरते.

म्हणून उत्तरपक्ष असा की धडा दारूपासून नव्हे, खर्र्यापासून सुरू व्हावा. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून दिला जाणारा हा पदार्थ विदर्भातील मुलाच्या हाती दारूच्या बराच आधी पडतो. त्यातील निकोटिनची सवय मेंदू घडत असतानाच लागते, आणि आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीच्या आसपास पक्व होतो. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला 2003 च्या कायद्याने मनाई आहे. ते अंतर मुलांनीच टेपने मोजून पाहावे, नागरिकशास्त्राचा यापेक्षा चांगला तास क्वचितच होईल.

त्यापुढचा भाग जीवनकौशल्यांचा, म्हणजे माहिती वागण्यात उतरवण्याच्या सरावाचा. ‘घे ना बे, एकदा घेतल्यानं काय होते!’ असे मित्र म्हणतो तेव्हा मैत्री न तोडता कसे नाकारावे, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. ते दोघांदोघांनी उभे राहून, हसत-अडखळत, वर्गात बोलून पाहावे लागते. हा सराव बाहेरून आलेल्या वक्त्याच्या एका व्याख्यानात होत नाही, तो वर्षानुवर्षे रोजच्या शिक्षकानेच घ्यावा लागतो. आणि त्या शिक्षकाच्याच खिशात खर्र्याची पुडी असेल, तर पहिला तास आठवीच्या वर्गात नव्हे, शिक्षकांच्या खोलीत घ्यावा लागेल.