जाळीतून वारा येईना!

मंडईत आपण मेथीची जुडी उलटीसुलटी करून पाहतो, भाव पाडून घेतो आणि पिशवीत टाकतो. ती रात्री कोणत्या वाटेने आली हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. शिरूर आणि दौंड या तालुक्यांतला भाजीपाला, फुले, गूळ असा कितीतरी माल पिकअप नावाच्या लहान मालमोटारीतून फिरतो. या मोटारीचे एक दुखणे मोठे चमत्कारिक आहे, आणि ते तुमच्या-आमच्या घरच्या गाडीलाही तसेच होते. ड्रायव्हरपुढच्या जाळीतून वारा येईनासा होतो.

“त्यात काय? काच खाली करावी!” असे कोणी म्हणेल. वैशाखात ते ठीक आहे. पण कार्तिकातल्या पहाटे न्हावऱ्याहून भीमा ओलांडून चौफुल्याकडे निघालेला माणूस थंडीपायी काचा वर करतो आणि त्याच्याच श्वासाच्या वाफेने समोरची काच आतून पांढरी होते. याच दिवसांत उसाचा हंगाम सुरू होतो. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, आणि मागचा लाल दिवा असला तर नशीब! काच पुसायला एक हात सुटला की राहिला एकच हात. म्हणून हा वारा चैनीचा नव्हे, डोळ्यांचा आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालमोटारींच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. आपला पिकअप बहुधा त्याहून हलका, तेव्हा त्याची काळजी मालकानेच वाहायची.

जुने मिस्त्री अशा गाडीपाशी येऊन लगेच पाना उचलीत नाहीत, कान लावतात.

“दादा, बटण फिरवा. आवाज येतो का?”

“येतो मामा, पण वारा नाही.”

“मग मोटर जिवंत आहे. वाट अडलीय.”

निम्मे निदान एवढ्यात होते. वाट अडते ती बहुतेक धुळीने. दौंडकडे गुऱ्हाळे पुष्कळ. चिपाड वाळत पडलेले असते, त्याचा भुगा वाऱ्यावर उडतो आणि काचेखालच्या झरोक्यातून आत शिरतो. डाव्या खणामागे हवेची गाळणी असते (सगळ्याच गाड्यांना नसते). ती काढून उजेडापुढे धरावी. उजेड पलीकडे दिसला नाही तर बदलावी. ऊस तुटला की शेतातले उंदीर निराधार होतात, आणि बंद गाडीतला पंखा त्यांना आयते बिऱ्हाड वाटते. पाचटाचे घरटे अडकून पंखा जागीच थांबल्याची उदाहरणे मिस्त्री लोक हसत हसत सांगतात. वायरी कुरतडल्या असतील तर मालकाला हसू येत नाही.

वारा आधी चांगला, तासाभराने मंद, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा चांगला, असे होत असेल तर आतल्या थंड जाळीवर बर्फ धरतो आहे असे समजावे. वायू कमी झाला असेल किंवा गाळणी तुंबली असेल.

आवाजच नसेल तर प्रथम फ्यूज. तो शाबूत असेल तर खणाखालच्या मोटरीवर हलकेच टिचकी मारावी. दचकून फिरू लागली तर तिचे कार्बन झिजले आहेत; आज चालेल, उद्याचा भरवसा नाही. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणारे शहाणे मात्र प्रत्येक नाक्यावर भेटतात. फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून, आणि तार घातल्यावर जळायला वायरच उरते. अशा माणसाला चहा पाजून वाटेला लावावे.

सर्वांत फसवे लक्षण निराळेच. पंखा एक, दोन, तीनवर मुका, आणि चारवर एकदम सोसाट्याचा! येथे रेझिस्टर गेलेला असतो. खालच्या वेगांना वीज त्याच्यातून अडखळत जाते, शेवटच्या वेगाला थेट. वस्तू स्वस्त, बदलणे सोपे. म्हणून लोक बदलतात आणि तो दोन महिन्यांत पुन्हा जातो. कारण असे, की तो तापतो आणि त्याला थंड ठेवतो तो त्याच पंख्याचा वारा. गाळणी तुंबलेली असेल, किंवा मोटर जड फिरून जास्त वीज ओढत असेल, तर नवा रेझिस्टरही भाजणारच. तेव्हा तो घेताना गाळणी व मोटर दोन्ही पाहून घ्यावीत.

दुरुस्ती होईतो रात्रीचा प्रवास आलाच, तर दोन्हीकडच्या काचा दोन बोटे उघड्या ठेवाव्यात, हवेचा खटका बाहेरच्या हवेवर ठेवावा आणि कोरडे सुती फडके हाताशी असावे. वारा चालू झाल्यावर तो काचेकडे वळवून एसी लावावा. एसी हवेतली ओल शोषतो. पावसाळ्यात काच फार गार झाली तर धुके बाहेरून धरते, त्याला वायपर पुरतो. गाडी उभी करताना मात्र हाच खटका आतल्या हवेवर आणावा, म्हणजे झरोका मिटतो, आणि उंदीरमामांना दुसरे घर शोधावे लागते.