वजनाचे टोमणे नकोत, माहिती हवी



पर्युषण, दशलक्षण जवळ आले की आपल्या घरांत दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले, "यंदा हिला उपवास करू देत, तेवढेच वजनही उतरेल." दुसरे, "बरे झाले, हिची पाळी लांबली आहे, पूजेला अडचण नाही." दोन्ही वाक्ये मायेपोटीच बोलली जातात. पण घरातल्या मुलीला पीसीओएस असेल तर या दोन्हींतून तिचे नुकसानच होते. माझे मत स्पष्ट आहे. अशा मुलीला आपण सल्ले फार देतो आणि माहिती फार कमी देतो. हा क्रम उलटा व्हायला हवा.

पीसीओएस, म्हणजे आपण बोलताना ज्याला पीसीओडी म्हणतो ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातील 100 पैकी 10 ते 13 स्त्रियांना हा त्रास असतो आणि त्यांतल्या 70 टक्क्यांपर्यंत जणींना त्याचा पत्ताच नसतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'सिस्ट' हा शब्द दिसला की आई घाबरते, "पोरीच्या पोटात गाठी आहेत." त्या गाठी नसतात. पूर्ण वाढ न झालेल्या स्त्रीबीजांच्या त्या छोट्या पिशव्या असतात.

निदानासाठी डॉक्टर तीन गोष्टी पाहतात: पाळी अनियमित आहे का, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणे आहेत का, आणि सोनोग्राफीत अशा पिशव्या जास्त दिसतात का. तीनपैकी दोन असतील आणि थायरॉईड, प्रोलॅक्टिन यांसारखी दुसरी कारणे नसतील, तरच पीसीओएस म्हणतात. कोवळ्या मुलींच्या बाबतीत आणखी सावध राहायचे असते. पाळी सुरू होऊन आठ वर्षे झाली नसतील तर नुसत्या सोनोग्राफीवरून हे निदान करू नये.

आता वजनाकडे वळू. या त्रासात अनेकींच्या शरीराला इन्सुलिन नीट लागू पडत नाही. मग शरीर जास्त इन्सुलिन बनवते. त्यामुळे पुरुषी हार्मोन वाढतात, पाळी बिघडते आणि पोटाभोवती चरबी साठणे सोपे होते. वाढलेल्या वजनाने इन्सुलिनचा त्रास आणखी वाढतो. म्हणजे "दोन घास कमी खा" एवढ्याने सुटणारे हे कोडे नाही. सडपातळ मुलींनाही पीसीओएस असतो. त्यांचे दुखणे तर कोणी मनावरच घेत नाही, कारण 'दिसायला तर छान आहे.'

दुसरी बाजूही सांगायला हवी. वजन जास्त असेल तर ते थोडे उतरल्यानेही फायदा होतो. 70 किलोच्या मुलीचे साडेतीन-चार किलो कमी झाले तरी अनेकदा पाळी सुधारते. लग्नातला लेहेंगा बसेल इतके बारीक होण्याची गरज नसते. आपल्या भारतीय बायकांनी काट्यासोबत मोजपट्टीही जवळ ठेवावी. कंबर 80 सेंटिमीटरच्या वर गेली की साखर आणि हृदयाच्या दृष्टीने सावध व्हायचे.

काही खुणा आपल्या डोळ्यांसमोर असतात, पण आपण त्यांचा अर्थ भलताच लावतो. मुलीची मान आणि काखा काळ्या पडल्या की आपण म्हणतो, "नीट घासत नाहीस, बेसन लाव." तो मळ नसतो. पुष्कळदा ती इन्सुलिन बिघडल्याची खूण असते. हनुवटीवर जाड केस आले की पार्लर गाठतो, डॉक्टर नाही.

आणि पाळी. आपल्या घरांत त्या दिवसांचे नियम पाळले जातात, त्यामुळे कोणाची पाळी कधी आली हे सगळ्यांना कळते. पण कोणाची आली नाही, याची नोंद कोणी ठेवत नाही. उलट सुटल्यासारखे वाटते. महिनोन् महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि पुढे त्याच्या कॅन्सरचा धोका वाढू शकतो. पाळी सुरू होऊन तीन वर्षे झाल्यावरही 35 दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, वर्षात आठपेक्षा कमी वेळा पाळी येत असेल, किंवा कधीही सलग तीन महिने गेले असतील, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. पूजेसाठी, विधानासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणून देण्याची सवय तर बंदच करावी.

उपवासाबद्दल बोलताना मला कोणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही. तप कर्मनिर्जरेसाठी आहे. त्याला वजन उतरवण्याचे साधन केले तर तपही राहत नाही आणि वजनही उतरून टिकत नाही. लांब उपवासात जे किलो जातात त्यांत पाणी आणि स्नायूही असतात, आणि पारण्यानंतरच्या आठवड्यात शिरा, लाडू, फरसाण यांनी ते परत येतात. सोळाकारण भावनांत तपाला 'शक्तीनुसार' अशी मर्यादा घातली आहे, हे आपण सोयीने विसरतो. मुलगी साखरेची किंवा पाळीची गोळी घेत असेल तर उपवास ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. बाह्य तपात अनशनाबरोबर ऊनोदरी आणि रसत्यागही आहेत. भुकेपेक्षा चार घास कमी जेवणे आणि गोड सोडणे ही दोन तपे तिला वर्षभर झेपतील.

स्वयंपाकघरात आपल्याला खरे तर मोठी सोय आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण, त्यानंतर काही नाही, बटाटा नाही. पण 'जैन' लिहिलेल्या पाकिटात कांदा, लसूण, बटाटा नसतो एवढाच त्याचा अर्थ. केळ्याचे वेफर्स, शेव, मैद्याची बिस्किटे यांतले तेल आणि साखर जैन झाल्याने कमी होत नाही. चातुर्मासात पालेभाजी बंद असते तेव्हा ताट भात-पोळीने भरते. तिथे मूग, मटकी, हरभरा, तूर वाढवा. मोड आलेले चालत नसेल तर भिजवून शिजवा. जेवणानंतर मंदिरापर्यंत आणि परत, अशी रोज अर्धा तास भरभर चाल.

डॉक्टरांपुढे मात्र आपण गप्प बसतो. आत जाण्याआधी हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

– कशावरून पीसीओएस म्हणता?
– ही गोळी कशासाठी आणि किती महिने? (पाळीची गोळी म्हणजे गर्भनिरोधकच असेल तर दचकू नका. ती पाळी नियमित करायलाही देतात, अविवाहित मुलींनाही.)
– ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तासांनी करतात ती साखरेची तपासणी करायची का?
– मेटफॉर्मिन सुरू असेल तर बी-12 कधी तपासायचे? (या गोळीने बी-12 कमी होऊ शकते आणि आपल्या आहारात ते आधीच कमी असते.)
– कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे आहे का, त्याऐवजी साधी गोळी मिळेल का?

हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजून कित्येकजणी औषधच सोडून देतात. विचारा, बहुतेक वेळा पर्याय निघतो.

राहिला लग्नाचा विषय. "लग्न झाले की सगळे सुरळीत होईल" हे खोटे, आणि "हिला मूल होणार नाही" हेही खोटे. लग्न हा उपचार नाही, आणि योग्य उपचाराने बहुतेक जणींना मूल होते. स्थळ पाहताना मुलीचे वजन चारचौघांत विचारणाऱ्या मावशी-काकूंना इतकेच सांगते की भाषासमिती फक्त मुनींसाठी ठेवू नका. जिभेनेही हिंसा होते, आणि दुखावलेली मुलगी घरच्यांसमोर कमी जेवते आणि एकटी असताना जास्त खाते.

रत्नत्रयात ज्ञानाशिवाय चारित्र्य सम्यक होत नाही. शरीराच्या बाबतीतही तोच क्रम ठेवू या. तुमच्या स्वयंपाकघरात तिथींचे कॅलेंडर लटकलेले असेलच. त्यावर अष्टमी-चतुर्दशी पाहता, तसे लेकीला आणि सुनेला आपल्या पाळीच्या तारखेवर एक छोटी खूण करायला सांगा. सलग तीन पाने कोरी दिसली तर वजनाबद्दल एक शब्द न बोलता तिच्यासोबत दवाखान्यात जा.