नाव घेतलं, पुढे काय?

शेअर आणि क्रिप्टोच्या जोडीला सध्या कॉलेजच्या कट्ट्यावर गुंतवणुकीचा आणखी एक प्रकार ऐकू येतो, तो म्हणजे डोमेन नेम, अर्थात वेबसाइटचं नाव. छोटंसं, लक्षात राहणारं एखादं नाव आधीच आपल्याकडे नोंदवून ठेवायचं आणि कुणीतरी मोठं गिऱ्हाईक येईपर्यंत थांबायचं. गिऱ्हाईक आलंच नाही तर? त्यावरही उत्तर तयार असतं: "मग आपणच त्यावर वेबसाइट काढू की!"

मला बोलायचं आहे ते या उत्तराबद्दल. नाव धरून ठेवणं हा एक धंदा आहे आणि त्या नावावर काही उभं करणं हा दुसरा. पहिला जमला म्हणून दुसरा जमतोच असं नाही.

हैदराबादकरांना हे लगेच कळेल. आउटर रिंग रोडकडे निघालं की रिकामे प्लॉट दिसतात. चारी बाजूंनी भिंत, मालकाच्या नावाचा बोर्ड आणि आत झुडपं. मालकाला भाव वाढायची वाट बघायची असते, त्यात गैर काहीच नाही. पण उद्या तोच म्हणाला, "माझ्या वीस प्लॉटवर वीस दुकानं मी एकटा चालवणार", तर आपण हसू. डोमेनवाल्याची अवस्था तर याहून अवघड. त्याला नाव टिकवायला दर वर्षी पैसे भरावे लागतात. एका साध्या .कॉम नावाला वर्षाला साधारण हजार रुपये धरले, तर पन्नास नावांचे पन्नास हजार झाले. मुदतीत भरले नाहीत तर नाव हातातून जातं.

मोठ्या उदाहरणांतही हेच दिसतं. बिझनेस.कॉम हे नाव १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरला विकलं गेलं. गुंतवणूकदाराने नफा घेतला आणि तो बाजूला झाला. त्या नावावर व्यवसायांची सूची उभारली ती विकत घेणाऱ्यांनी, माणसं नेमून, कित्येक वर्षं राबून. पुढे २००७ मध्ये ती कंपनी सुमारे ३४.५ कोटी डॉलरला विकली गेली. याच्या उलट व्हॉइस.कॉम. २०१९ मध्ये या एका नावासाठी तब्बल ३ कोटी डॉलर मोजले गेले. त्यावर सोशल मीडिया सुरू झाला, मग दिशा बदलली आणि २०२३ मध्ये गाशा गुंडाळायची वेळ आली. नाव तर लाखात एक होतं. पण लोकांनी तिथे रोज का यावं, याचं उत्तर नावात नसतं.

"मग शादी.कॉम आणि नौकरी.कॉमचं काय?" असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. रोजच्या बोलण्यातले हे दोन शब्द आज मोठे उद्योग झाले आहेत. पण त्यांच्या कामाचा क्रम बघा. अनुपम मित्तल आधी सगाई.कॉम नावाने लग्न जुळवण्याचं काम करत होते. शादी.कॉम हे नाव त्यांनी नंतर घेतलं आणि त्यासाठी सुमारे २५ हजार डॉलर मोजल्याचं ते स्वतः सांगतात. म्हणजे काम आधी, भारी नाव मागाहून. संजीव बिखचंदानी यांनी १९९७ मध्ये नौकरी.कॉम सुरू केलं, तेव्हा वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिराती गोळा करून साइटवर घातल्या. हे कष्टाचं, कंटाळवाणं काम होतं. पन्नास नावं सांभाळणारा माणूस ते पन्नास वेळा करू शकेल का?

चांगल्या नावाचा उपयोग नसतो, असं मी म्हणत नाही. ते लक्षात राहतं, तोंडातोंडी पसरतं, विश्वास देतं. पण त्याने पहिल्यांदा माणूस येतो. दुसऱ्यांदा यावं की नाही, ते आत काय मिळालं यावर ठरतं. आपल्या मराठीतच बघा. मायबोली.कॉम १९९६ पासून चालू आहे. त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ए' दोनदा घालावा लागतो. डोमेनचा व्यापारी कदाचित नाकच मुरडेल! तरी जगभरचे मराठी लोक तिथे जातात ते कविता, पाककृती, दिवाळी अंक आणि वादविवादांसाठी. हा मजकूर वाचकांनीच वर्षानुवर्षं लिहिला.

एक धोकाही सांगायला हवा. साधा शब्द घेणं वेगळं आणि दुसऱ्याच्या ब्रँडवर डोळा ठेवणं वेगळं. सिफी प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की डोमेन नेमलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं. दिल्लीच्या एका तरुणाने जिओहॉटस्टार हे नाव आधीच घेऊन ठेवलं आणि २०२४ मध्ये त्याच्या बदल्यात केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. कंपनीने नकार दिला. कोर्टात लढायची आपली ताकद नाही, असं त्याने जाहीरपणे लिहिलं. घरून आलेल्या फीच्या पैशांतून असे जुगार खेळायचे का, याचा विचार व्हायला हवा.

आता आपल्याबद्दल. २०१४ पासून .भारत आहे, म्हणजे पत्ताही देवनागरीत लिहिता येतो. तिथे सुंदर मराठी शब्द अडवून ठेवायचे आणि वर्षानुवर्षं कोरी पानं दाखवायची, याने कुणाचं भलं होणार? नांदेड, परभणी, लातूरहून मुलं काचीगुडा स्टेशनवर उतरतात. त्यांना रूम हवी असते, मेस हवी असते, मराठी पुस्तकं कुठे मिळतात ते हवं असतं. ही माहिती आपल्यापैकी कुणाकडे ना कुणाकडे आहे. ती आधी एखाद्या फुकटच्या ब्लॉगवर घाला. सहा महिने नेमाने ताजी ठेवा. मुलं परत परत येऊ लागली, तर हजार रुपये भरून एक नाव घ्या, साधं असलं तरी चालेल. सहा महिन्यांतच कंटाळा आला, तर ते हजार रुपये तरी वाचले.

तुमचं मत वेगळं असेल तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहा.