औषध विकणाराच वैद्य?

अमेरिकेत ‘हिम्स अँड हर्स’ या कंपनीने मे २०२४ मध्ये वजन घटविणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या, औषधशाळांत मिसळून केलेल्या स्वस्त प्रतिकृती थेट ग्राहकांस विकण्यास आरंभ केला. आधार होता मूळ औषधाच्या तुटवड्याचा. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी तेथील अन्न व औषध प्रशासनाने तुटवडा संपल्याचे घोषित केले. तरीही ‘वैयक्तिक मात्रे’च्या नावाखाली विक्री पुढे चालूच राहिली. दूरस्थ तपासणीस विरोध नाही. आडगावच्या मधुमेह्यास ती वरदानच. परंतु औषध विकणाऱ्या कंपनीशी बांधलेला डॉक्टर ‘तुम्हांला हे नको’ असे किती जणांना सांगणार? भारतातील २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा सेवेने डॉक्टरचे नाव, अर्हता व नोंदणी क्रमांक दाखविणे बंधनकारक आहे. मधुमेह असलेल्या घरांनी पैसे भरण्यापूर्वी तो अवश्य पाहावा.