संघटना लहान, गोतावळा मोठा

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी किंग्स्टनमध्ये भरपाई वेळेत जमैकाला पेनल्टी मिळाली आणि व्हिडिओ तपासून पंचांनी ती मागे घेतली. त्याआधी जमैकाचे तीन प्रयत्न गोलच्या चौकटीवर आदळून परतले होते. सामना ०-० सुटला आणि जेमतेम दीड लाख वस्तीचे कुरासाओ विश्वचषकासाठी पात्र ठरले. इतका लहान देश याआधी कधी तिथवर पोहोचला नव्हता. नशिबाची साथ होतीच. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यजमान म्हणून थेट पात्र ठरल्याने वाटही सोपी झाली होती. तरीही पात्रतेच्या अंतिम फेरीतल्या सहा सामन्यांत एकही पराभव न पत्करता गटात पहिले येणे केवळ नशिबावर होत नाही.

त्यामागे तिथल्या फुटबॉल संघटनेची अनेक वर्षांची खटपट आहे. २०१० मध्ये नेदरलँड्स अँटिलिस विसर्जित झाले, कुरासाओ डच राजसत्तेतला स्वायत्त देश बनला आणि फिफातली जुनी जागा या संघटनेकडे आली. ४४४ चौरस किलोमीटरच्या बेटावर तयार व्यावसायिक खेळाडू मिळणार किती? पण बेटावरच्या लोकांकडे डच पासपोर्ट असतो. शिक्षण-नोकरीसाठी कितीतरी कुटुंबे नेदरलँड्समध्ये स्थिरावली आणि त्यांची मुले तिथल्या क्लबांत घडली. आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणी बेटावर जन्मले असेल, तर फिफाच्या नियमानुसार त्या मुलाला बेटाकडून खेळता येते. संघटनेने हाच गोतावळा एकत्र आणला. २०१५ मध्ये पॅट्रिक क्लायव्हर्टकडे प्रशिक्षकपद आले. त्याची आई कुरासाओची. २०१७ मध्ये संघाने जमैकाला हरवून कॅरिबियन करंडक जिंकला. पुढे गुस हिडिंक आणि डिक अ‍ॅडव्होकाट यांच्यासारखे मुरब्बी डच प्रशिक्षक आले.

गोलरक्षक एलॉय रूम नायमेखनचा, बाकुना बंधू ग्रोनिंगनचे. पण तेवढ्यावरून या संघाला ‘डचांचा दुसरा संघ’ म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. पोटासाठी घर सोडलेल्यांची मुले परकी होत नाहीत.

२०१९ च्या किंग्ज कपमध्ये याच कुरासाओने बुरीराममध्ये भारताला ३-१ असे हरवले होते. आपणही असाच परदेशातला गोतावळा जमवावा, असे वाटणे साहजिक आहे. पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे परदेशी पासपोर्ट घेतलेला भारतीय वंशाचा खेळाडू भारताकडून खेळू शकत नाही. तेव्हा कायद्याला हात न लावता कुरासाओचा कित्ता गिरवण्याची भाषा पोकळच ठरते.

कुरासाओबाबत खरी काळजी बेटावरच्या मुलांची आहे. संघातला ताहिथ चाँग विलेमस्टाडमध्ये जन्मला, पण तोही लहानपणीच फेयेनूर्डच्या अकादमीत गेला. फिफाच्या विकासनिधीची कमाल मर्यादा ब्राझीलला जेवढी, तेवढीच कुरासाओला. शिवाय विश्वचषकाची रक्कम वेगळी. हा पैसा स्थानिक लीग, शाळांची मैदाने आणि पूर्णवेळ प्रशिक्षक यांवर खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब संघटनेने दरवर्षी बेटावरच्या क्लबांपुढे मांडावा.